सूज का येते?

पायात काटा मोडला नाही असा माणूस आपल्या गावात सापडायचा नाही. बाभळीचा काटा वहाणेचा तळ भेदून आत जातो. आपण बांधावर बसतो, दुसऱ्या काट्याने तो काटा उकरून काढतो आणि पुन्हा कामाला लागतो. दिवस निघून जातो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पाय ठणकायला लागतो. सकाळी बघावे तो जागा लाल झालेली, सुजून टरटरलेली, हात लावला तर गरम. पाऊल टेकवत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका काकांनी एकदा विचारले, "काटा तर मी कालच काढला. मग ही सूज आणली कुणी?"

"काट्यानं! दुसरं कोण आणणार?" मागून एकजण म्हणाला. "काट्यात विष असतं," असे दुसऱ्याचे मत पडले.

काकांचा प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. जगातले शहाणे लोक या प्रश्नापाशी दोन हजार वर्षे अडले होते. सुमारे 2000 वर्षांपूर्वी रोम देशात सेल्सस नावाचा एक ग्रंथकार होऊन गेला. त्याने सुजेची चार लक्षणे लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब आणि ठणका. आपल्या पायाला जे झाले तेच त्याने लिहिले होते. पुढे कुणीतरी पाचवे जोडले, की त्या अवयवाचे काम बंद पडते. पाऊल टेकवत नाही, ते हेच. लक्षणे अशी बरोबर सापडली, पण कारण कुणाला सापडले नाही.

आज ते सापडले आहे. ते ऐकून आमचा वर्ग हसला होता, तुम्हीही हसाल. सूज काटा आणत नाही. सूज आपले अंगच आणते, आणि मुद्दाम आणते.

कसे ते पाहा. काट्याबरोबर मातीतले जंतू आत जातात. हे जंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्या जागेच्या पेशी लगेच हाळी देतात. पेशी म्हणजे काय? घर जसे विटांचे, तसे अंग पेशींचे. फरक एवढाच की या विटा जिवंत असतात. पेशींनी हाळी दिली म्हणजे त्यांनी काही रस सोडले. त्या रसांनी जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. शेताला पाणी देताना आपण एका वाफ्याचे दार मोडतो आणि पाटाचे पाणी तिकडे वळवतो, तसे रक्त तिकडे वळते. रक्त जास्त आले म्हणून जागा लाल झाली. रक्त ऊनच असते, म्हणून ती गरम लागली. मग वाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातले पाणी बाहेर पाझरते. ती सूज. आणि या रसांमुळे तिथल्या मज्जा चेतवल्या जातात, वरून सुजेचा दाब पडतो. तो ठणका.

पण हे पाणी कशासाठी वळवायचे? कुणाला आणायचे असते तिथे?

रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्याही असतात. तांबड्या पुष्कळ, पांढऱ्या थोड्या. जर्मनीतल्या कोनहाइम नावाच्या डॉक्टरांनी 1867 साली बेडकाच्या अंगातला एक पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र. त्यातून त्यांना दिसले की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या कडेला येऊन चिकटतात आणि मग भिंतीच्या फटीतून अंग आकसून बाहेर पडतात. कुंपणातून मांजर निघावे तशा. त्या बाहेर पडतात हे ठरले. पण बाहेर पडून करतात काय? तेव्हाच्या पुष्कळ डॉक्टरांना वाटे, की या पेशी जंतूंना पाठीवर घेऊन अंगभर पसरवतात. म्हणजे राखणदारालाच चोर ठरवले होते!

हा उलटा समज सुलटा केला तो एका काट्याने. ती गोष्ट आम्हांला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इल्या मेच्निकॉव्ह हा माणूस 1845 साली जन्मला. आज ज्याला युक्रेन म्हणतात त्या देशातला. तो डॉक्टर नव्हता. समुद्रातल्या लहान जिवांचा अभ्यास करणे हा त्याचा धंदा. 1882 साली तो इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना गावी, समुद्राकाठी बिऱ्हाड करून राहिला होता. नाताळचे दिवस होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे बघायला गेली. हा एकटाच घरी राहिला आणि सूक्ष्मदर्शक लावून बसला. समोर तारामाशाची पिल्ले होती. तारामासा म्हणजे चांदणीच्या आकाराचा समुद्रातला जीव. त्याचे पिल्लू काचेसारखे आरपार दिसते. आत काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. मेच्निकॉव्हच्या मनात आले, या पेशी अंगाच्या राखणीसाठी तर फिरत नसतील? माणसाच्या बोटात काटा गेला की भोवती पू होतो. या पिल्लाच्या अंगात काटा घातला तर या पेशी धावून येतील का?

तो उठला, बागेत गेला आणि गुलाबाचे काही काटे घेऊन आला. ते त्याने पिल्लांच्या कातडीखाली सारले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे उठून बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाला ना रक्त, ना रक्तवाहिन्या. तरी पेशी आपल्या पायांनी चालत आल्या होत्या, आणि परक्या वस्तूला गिळायला बघत होत्या.

मेच्निकॉव्हने पुढे पुष्कळ वर्षे हेच काम केले. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि आत जिरवून टाकतात हे त्याने दाखवून दिले. 1888 पासून तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होता. 1908 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्याला आणि जर्मनीच्या पॉल एर्लिख यांना मिळून दिले होते.

याच मेच्निकॉव्हचा एक शिष्य आपल्या मुंबईला आला होता, बरं का. त्याचे नाव हाफकिन. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे घरेदारे टाकून पळू लागली. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळला त्याच्या नावाची संस्था आहे, ती यामुळे.

आता काकांच्या पायाकडे वळू. पाय सुजला म्हणजे राखणदार पोचले. पू झाला म्हणजे झुंज झाली. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि मेलेले जंतू यांचा खच. बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत राखणदार जिंकतात. मग अंगच दार बंद करते, पाणी ओसरते, आणि जागा भरून येते.

आपण या झुंजीत मदत करावी, विघ्न आणू नये. जागा स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. कच्चे गळू पिळू नये. पिळले की जंतू आत ढकलले जातात. शेण, राख, तंबाखू यांतले काही लावू नये. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, आणि धनुर्वात झालेला माणूस वाचवणे फार कठीण. काटा, खिळा खोल गेला आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर आरोग्य केंद्रात जाऊन ते घ्यावे. सुजेपासून लाल रेघ वर चढू लागली, थंडी वाजून ताप भरला, तर घरी थांबू नये. राखणदार मागे हटू लागले आहेत असा त्याचा अर्थ. ज्याला मधुमेह आहे त्याने तर बारीकशा जखमेलाही बारीक समजू नये.

"मग हळद?" असे बायका हमखास विचारतात. हळदीत सूज कमी करणारा एक पदार्थ आहे, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. पण खाल्लेल्या हळदीतला फार थोडा भाग रक्तात पोचतो. स्वयंपाकात हळद खुशाल वापरा. इंजेक्शनाचे काम तिच्यावर सोपवू नका, इतकेच.

येथवर सूज आपली मित्र होती. पण राखणीचा कुत्रा अंधारात घरच्याच माणसाला चावतो, तेव्हा काय करायचे? असेही घडते.

एक उदाहरण सांगतो, आणि ज्यांच्या घरी पाच ते पंधरा वर्षांची मुले आहेत त्यांनी ते नीट वाचावे. मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. चार दिवसांनी बरे वाटते. सगळे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि गुडघा सुजतो. गुडघा उतरला की घोटा सुजतो, मग कोपर. सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. होते काय, की घशातल्या एका जातीच्या जंतूची ठेवण आपल्या हृदयातल्या काही भागांसारखी असते. राखणदार जंतूवर चालून जातात, आणि तशाच दिसणाऱ्या घरच्या माणसावरही हात टाकतात. सांधे पुढे पूर्ण बरे होतात. पण हृदयातल्या झडपांना जी इजा होते ती राहून जाते. झडप म्हणजे रक्ताला पुढे जाऊ देणारे आणि मागे येऊ न देणारे दार. दार बिघडले की मूल चालताना धापा टाकते. मुलगी असली तर पुढे बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो.

घसा दुखणाऱ्या सगळ्याच मुलांना असे होत नाही. पुष्कळांचा घसा आपोआप बरा होतो. पण ताप आहे, गिळवत नाही, गळ्याला गाठी आल्या आहेत, तर डॉक्टरला दाखवावे. त्या जंतूवर पेनिसिलीन हे जुने, स्वस्त औषध चालते. डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके दिवस ते द्यावे. ज्या मुलाला ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन कित्येक वर्षे द्यावे लागते. मूल धडधाकट दिसते म्हणून आईबाप इंजेक्शन बंद करतात. तीच चूक नडते, कारण ताप पुन्हा आला की झडप आणखी बिघडते.

दुसरे उदाहरण मोठ्या माणसांचे. आमच्या वर्गाला एक मावशी येतात. वय पन्नाशीच्या आतले. पहिल्या दिवशी त्यांना पाटीवरची पेन्सिल धरता येईना. आम्हांला वाटले, सवय नाही म्हणून. पण तसे नव्हते. दोन्ही हातांची बोटे पेरांपाशी सुजलेली होती. सकाळी उठल्यावर तासदोन तास मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, असे त्या म्हणाल्या. "वात आहे. आईलाही होता."

वात म्हणून आपण पाच-पन्नास दुखणी एकाच पोत्यात भरतो. उतारवयात गुडघा झिजतो, तो वेगळा. हा वेगळा. यात राखणदार सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून येतात. तिथे ना जंतू असतो, ना काटा. तरी झुंज चालूच राहते आणि हाड कुरतडले जाते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट-तिप्पट आढळतो. दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजतात आणि सकाळी आखडतात, ही त्याची खूण. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात.

मावशींनी औषध केले नव्हते असे नाही. बाजारात एक माणूस जडीबुटीच्या पुड्या विकायचा. पहिल्या पुडीने तिसऱ्या दिवशी सूज उतरली. मावशी सांगतात, "देवच भेटला असं वाटलं." दोन वर्षे त्यांनी त्या पुड्या घेतल्या. चेहरा गोल गरगरीत झाला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली! मग लघवीला वारंवार जावे लागू लागले. रक्त तपासले तर साखर वाढलेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी मावशींचा चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "कसली पुडी घेता?"

त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक म्हणून दवाखाना आहे. तिथले डॉक्टर हेंच यांनी 1929 साली एक नवल पाहिले. संधिवाताच्या एका रोग्याला कावीळ झाली, आणि कावीळ असेपर्यंत सांधे दुखायचे थांबले. गरोदर बायकांतही त्यांना असेच दिसले. अंगातच सूज विझवणारा एखादा रस असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. आपल्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्या रसातला एक पदार्थ त्यांचे सोबती केंडल यांनी वेगळा काढला होता. त्याचे नाव कॉर्टिसोन. सप्टेंबर 1948 मध्ये त्यांनी तो 29 वर्षांच्या एका बाईला टोचला. ती अंथरुणाला खिळलेली होती. थोड्याच दिवसांत ती उठून चालू लागली आणि बाजारही करून आली! दोनच वर्षांत, 1950 साली, हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण औषध कमी केले की दुखणे परत येई. चालू ठेवले की चेहरा फुगे, हाडे ठिसूळ होत, साखर चढे, आणि राखणदार झोपवल्यामुळे दुसरेच जंतू माजत. या जातीच्या औषधांना स्टेरॉईड म्हणतात. ती वाईट नाहीत. दम्याच्या झटक्यात, काही जिवावरच्या दुखण्यांत ती प्राण वाचवतात. मात्र किती द्यायची आणि कधी थांबवायची हे जाणत्या डॉक्टरनेच ठरवायचे. चोरून मिसळलेल्या पुडीत ते कोण ठरवणार? आणि अशा पुड्यांत स्टेरॉईड निघते, हे पुष्कळदा उघडकीला आले आहे. आणखी एक धोका आहे. दीर्घ काळ स्टेरॉईड घेतले की अंगातल्या ग्रंथी आपले काम सोडून बसतात. म्हणून हे औषध एकाएकी तोडायचे नसते. पुडी फेकून द्यायच्या आधी डॉक्टरकडे जा, ती बरोबर घेऊन जा, आणि ते सांगतील तसे हळूहळू उतरा.

दुखण्याच्या साध्या गोळ्यांचीही थोडी माहिती हवी. विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप उतरतो, हे इंग्लंडात 1763 साली एका पाद्र्याने कळवले होते. त्या सालीच्या वाटेने पुढे 1897 साली जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले. ती गोळी सूज कशी कमी करते हे मात्र 1971 पर्यंत कोडेच होते. इंग्लंडच्या जॉन वेन यांनी ते सोडवले, आणि 1982 साली त्यांनाही नोबेल मिळाले. मघाशी आपण ज्या हाळीच्या रसांविषयी बोललो, त्यांतला एक रस ही गोळी तयारच होऊ देत नाही. पण तोच रस पोटाच्या आतल्या कातडीचे रक्षण करतो. म्हणून अशा गोळ्या उपाशीपोटी आणि महिनोन्महिने घेतल्या की पोटात जखम होते, शौच डांबरासारखी काळी होते. मूत्रपिंडही बिघडते.

मूत्रपिंडावरून गिधाडे आठवली. पूर्वी ढोर मेले की आकाशातून गिधाडे उतरत आणि तासाभरात सांगाडा स्वच्छ करून जात. ती कुठे गेली? लंगड्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला डायक्लोफेनॅक नावाचे सुजेचे इंजेक्शन देत असत. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. हे कारण संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात शंभरातले एकसुद्धा उरले नाही इतकी घटली. 2006 साली सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केले. गिधाडाला न मारणारे मेलोक्सिकॅम नावाचे औषध मिळते. गुरांच्या डॉक्टरला तेच मागावे.

मावशींचे काय झाले ते सांगायचे राहिले. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू केले. हे मुळात कर्करोगाचे औषध. 1980 नंतरच्या काळात असे सिद्ध झाले, की अगदी थोड्या मात्रेत ते वाट चुकलेल्या राखणदारांना आवरते. याहून नवी औषधेही निघाली आहेत. राखणदारांना चिथावणारा एक रस लंडनच्या फेल्डमन आणि मैनी यांनी ओळखला, आणि 1992 साली तो रस अडवणारे इंजेक्शन रोग्यांना देऊन पाहिले. पुष्कळांना गुण आला. पण ते महाग, आणि आपल्याकडे आणखी एक अडचण. अंगात दबून बसलेला क्षय त्याने जागा होऊ शकतो. म्हणून देण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

मावशींना साध्या गोळीनेच बरे वाटले. मात्र दोन-तीन महिने धीर धरावा लागला. पुडीसारखा तिसऱ्या दिवशी गुण आला नाही, म्हणून मधे एकदा त्या रुसल्याही होत्या. दर काही महिन्यांनी रक्त तपासावे लागते. ही गोळी गरोदर बाईला चालत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तशी चूक झालेली माणसे डॉक्टरांनी पाहिली आहेत.

मावशींनी गुरुवार ठरवला, कारण त्यांच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. कॅलेंडरावर त्या प्रत्येक गुरुवारभोवती गोल काढतात. गोळी घेतली की गोलात फुली मारतात. गेल्या महिन्यापासून त्या फुलीऐवजी 'घेतली' असा शब्द लिहितात. मधला 'त' अजून जरा वाकडा येतो.